हात न लावलेला बॉयलर

१

"जिथे नफा, तिथे जोखीम. जोखीम न पत्करता मिळवलेला नफा आम्हांला वर्ज्य आहे."

हे वाक्य बिनव्याजी उद्योग संस्थेच्या दारावर पांढऱ्या संगमरवरात सोनेरी अक्षरांनी कोरलेलं होतं. वाचताना मान आपोआप वर जायची आणि छाती भरून यायची. मग मान खाली आली की चपलांच्या मांडणीवरची पत्र्याची पाटी दिसायची: "चपला स्वतःच्या जबाबदारीवर काढाव्यात. हरवल्यास संस्था जबाबदार नाही."

दोन्ही पाट्या एकाच कारागिराने एकाच आठवड्यात लावल्या होत्या. त्याला त्यात काही खटकलं नव्हतं, आणि पुढे अकरा वर्षं कुणालाच खटकलं नाही. त्यासाठी एक माणूस मरावा लागला.

तो मंगळवारी सकाळी सव्वादहाला मेला. ताईच्या लॉन्ड्रीत आदल्या संध्याकाळी आलेला बॉयलर फुटला आणि तो चालवणारा तिचा थोरला भाऊ जागच्या जागी गेला. लॉन्ड्री लहानच, दोन इस्पितळांच्या चादरी धुणारी. आठ बायका कामाला. ताईचा नवरा सात वर्षांपूर्वी वारला तेव्हा भाऊ दुसऱ्या गावची नोकरी सोडून आला आणि बॉयलरपाशी उभा राहिला. सगळ्या बायका त्याला दादाच म्हणायच्या, त्याच्याहून मोठ्या होत्या त्यासुद्धा.

शुक्रवारी संस्थेचं पत्र आलं. शोक दोन ओळींत आटोपला होता. तिसऱ्या ओळीत म्हटलं होतं की बॉयलर सोमवारी दुपारी बारा वाजता ताईला रीतसर विकला असून मंगळवारी तो तिच्या मालकीचा होता. स्फोट "चालकाच्या बेफिकिरीमुळे" झाला असून नुकसान तिचं आहे. हप्ते चालू राहतील, न भरल्यास तारण ठेवलेलं घर संस्था ताब्यात घेईल.

घर म्हणजे दोन खोल्या. त्यातल्या एकीत दादाची खाट अजून तशीच अंथरलेली होती.

आता ही संस्था काय करायची ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. ती व्याज घेत नसे, कारण धर्मात व्याजाला मनाई. म्हणून ती पैसे देतच नसे. तुम्हांला यंत्र हवंय? संस्था ते स्वतः विकत घेई, स्वतःच्या ताब्यात घेई आणि मग उघड सांगितलेला नफा लावून तुम्हांला हप्त्यांवर विके. या व्यवहाराला मुराबहा म्हणतात. त्यातली मेख एकच. घेतल्यापासून विकेपर्यंत जितका वेळ जाईल, मग तो तासभर का असेना, तितका वेळ वस्तू संस्थेची. मोडली तर संस्थेची मोडली. तेवढ्या धोक्यासाठीच तो नफा हलाल.

म्हणून संस्थेने एक खास माणूस ठेवला होता. त्याने वस्तू असेल तिथे जायचं, तिला प्रत्यक्ष हात लावायचा, तिच्या तीन खुणा ताबापत्रात लिहायच्या आणि सही करायची. त्याचं खरं नाव पगारपत्रकात असेल. गाव त्याला हातलावे म्हणायचं.

रविवारी सकाळी संस्थेचे मौलवीसाहेब काटेमास्तरांकडे आले. काटेमास्तर म्हणजे वजनमापं तपासणारे निवृत्त इन्स्पेक्टर. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, आणि त्या काळात जेवायला म्हणून त्यांना कुणीही बोलावलं नाही.

"बुधवारी संचालक बसणार आहेत," मौलवीसाहेब म्हणाले. "विक्री नियमात बसते की नाही, ते मी सांगायचं. कागद तर सगळे बरोबर आहेत."

"मग सांगून टाका की."

"कागदावर माझीही मंजुरीची सही आहे, मास्तर. सोमवारच्या तारखेची." मौलवीसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "सोमवारी मी तापाने फणफणून घरी पडलो होतो."

२

लॉन्ड्रीचं दार विटांचं होतं आणि बॉयलरच्या मानाने अरुंद. उजव्या बाजूची एक वीट अर्धी उडाली होती. उरलेल्या अर्ध्या विटेवर हिरवा रंग खरवडून लागला होता.

"हे स्फोटात झालं?"

"नाही हो," चादरींच्या घड्या घालणारी मावशी म्हणाली. काम नव्हतं तरी ती त्याच आठ चादरी पुन्हा पुन्हा घडी करत होती. "सोमवारी संध्याकाळी आणताना अडकला मेला तिथे. सहा वाजलेले. सहा माणसं ढकलतायत आणि दादा आतून ओरडतोय, सासरी चाललाय का रे रडत रडत, ये की आत. शेवटी वीट गेली आणि त्याला एवढा पोचा पडला." तिने तळहात दाखवला.

बॉयलरचा बुडाकडचा भाग फाटून गेला होता. वरचं अंग अंगणात आडवं पडलेलं होतं, वाफेच्या दाबाच्या काट्यासकट. काट्याखाली पोचा होता, आत विटेची लाल खरवड. मास्तरांनी आपला तळहात पोच्यावर ठेवून पाहिला. बरोबर बसला. मग त्यांनी सेफ्टी व्हॉल्व्हपाशी नखाने हिरवा रंग उकरला. खाली काळा रंग निघाला, त्याखाली निळा, त्याखाली गंज.

"नवा म्हणून आला होता?"

"नवा म्हणूनच किंमत लावलीय," ताई म्हणाली. ती दारात उभी होती. पाच दिवसांत तिचा आवाज बसला होता, की आधीपासूनच तसा होता, हे मास्तरांना कळायला मार्ग नव्हता. "पत्र वाचलंत ना? बेफिकिरी म्हणे. घर गेलं तर जाऊ दे, मास्तर. भाड्याने राहीन. पण माझ्या दादाने बेफिकिरीने स्वतःला मारून घेतलं असं मी लिहून देऊ? आठ बायकांच्या पोटाची काळजी करणारा माणूस तो."

"विक्रीच्या कागदावर सही तुमचीच आहे."

"माझीच. महिन्यापूर्वीची. व्यवस्थापकांनी गठ्ठा पुढे ठेवला. जिथे पेन्सिलची फुली तिथे सही, म्हणाले. तुम्हांला पुन्हा पुन्हा हेलपाटे नकोत. केवढा मायाळू माणूस वाटला मला. तारखांच्या जागा कोऱ्या होत्या."

"सोमवारी संस्थेतून कुणी आलं होतं?"

"कुणी नाही. फोन आला, चाचणी घ्या, कागदाचं मागाहून बघू."

मास्तर आत गेले. भिंतीशी धुण्याचा मोठा हौद होता. त्यात पाणी नव्हे तर काळा चिखल होता, आणि चिखलात विझलेले कोळसे. बादलीभर तरी असतील.

"हे इथे कुणी टाकले?"

मावशी घड्या थांबवून हौदाकडे बघत राहिली. "आम्ही कशाला टाकू? पांढऱ्या चादरी धुतो त्यात आम्ही."

"स्फोटाच्या वेळी तुम्ही सगळ्या कुठे होतात?"

"मागच्या गल्लीत. दादा कुठूनतरी धावत आला आणि म्हणाला, चादरी वाळत घाला, जा सगळ्या. मी म्हटलं, अरे वाळलेल्याच आहेत. तर माझ्यावर खेकसला. सात वर्षांत पहिल्यांदा खेकसला." तिने पुढची चादर उचलली. "मला राग आला होता. त्याच रागात बाहेर गेले मी."

मास्तरांनी विचारलं, "कुठून धावत आला होता?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. ताईने मात्र कोपऱ्यातून इस्पितळाने दिलेलं गाठोडं आणलं. दादाच्या अंगावर सापडलेल्या वस्तू. हातात घट्ट धरलेलं निखारे ओढायचं खोरं पोलिसांनी सोडवून घेतलं होतं. बाकी पट्टा, किल्ल्या आणि तपकिरी चामडी चपलांचा जोड.

"मी हे अजून नीट उघडलंच नव्हतं," ती म्हणाली आणि चपला हातात घेऊन थांबली. मग तिने त्या उलट्या करून पाहिल्या. उजवी टाच एका बाजूने पार झिजली होती.

"या दादाच्या नाहीत," ती म्हणाली. "दादाचा पाय एवढा मोठा नव्हता."

३

यंत्रविक्रेत्याचं दुकान म्हणजे यंत्रांचं अनाथालय होतं. सगळी एकाच हिरव्या रंगात न्हालेली. विक्रेता स्वतः हसतमुख, गोलमटोल आणि इतका अदबशीर, की त्याच्याशी बोलताना खिशावर हात ठेवावासा वाटे.

"नवा बॉयलर म्हणून विकलात?"

"नव्यासारखा म्हटलं होतं मी. ऐकणारा 'नवा'पाशी थांबला त्याला मी काय करू?"

"संस्थेच्या माणसाने पाहून, हात लावून घेतला असेल ना?"

"हातलावेंनी? लावला की. शनिवारी लावला."

"इथे येऊन?"

विक्रेत्याला पहिल्यांदा थोडं कोडं पडलं, म्हणजे एवढा शहाणा माणूस असं काय विचारतो अशा अर्थाचं. त्याने टेबलावरचा फोन उचलला, शेजारी उभ्या असलेल्या एका खरोखरच नव्या बॉयलरला टेकवला आणि पाना घेऊन वर ठोकलं. ठण्ण.

"असा लावतात. मी ठोकतो, ते तिकडून म्हणतात, ऐकू आलं, लागला हात. त्यांचा पाय दुखतो हो. गावाबाहेर इतक्या लांब कुठे येणार ते? दोन वर्षं झाली, असंच चालतं. व्यवस्थापकांनीच ही सोय काढली. दिवसाला चार व्यवहार उरकतात."

"आणि शनिवारी तुम्ही ठोकलात तो कुठला बॉयलर?"

विक्रेता त्या नव्या बॉयलरकडे बघू लागला. मग लक्षात आल्यासारखं त्याने बघणं थांबवलं.

"फोनवर रंग कुठे दिसतो, साहेब," तो म्हणाला. हसू होतं, पण ते आता चेहऱ्यावर एकटंच उरलं होतं.

मास्तर दारापर्यंत गेले आणि वळले. "म्हणजे हातलावेंनी हा बॉयलर कधी पाहिलाच नाही?"

"माझ्या दुकानात तरी नाही. दोन वर्षांत त्यांनी इथे पाऊल टाकलेलं नाही."

ताबापत्राची प्रत मौलवीसाहेबांनी दिली होती. मास्तरांनी ती रस्त्यातच उघडली. तारीख शनिवारची. स्थळ: विक्रेत्याचे दुकान. खुणा तीन. एक, रंग हिरवा. दोन, पाण्याची नळी डावीकडे.

तिसरी खूण वाचून ते भर रस्त्यात असे थांबले, की मागून येणाऱ्या हातगाडीवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

४

व्यवस्थापकांच्या डोक्यामागे भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं: "अकरा वर्षे. शून्य तोटा."

"हे कसं जमलं?" मास्तरांनी कौतुकाने विचारलं.

"शिस्त."

"नाही, म्हणजे बाहेर दगडावर जोखमीचं लिहिलंय. अकरा वर्षं जोखीम पत्करून एकदाही काही मोडलं नाही, जळलं नाही? माझ्या घरी आठवड्याला एक कप फुटतो."

"वस्तू आमच्याकडे फार वेळ राहतच नाही," व्यवस्थापक म्हणाले. ते उंच, नीटनेटके, आणि शोक व्यक्त करतानाही घड्याळ पाहणारे होते. "इकडे घेतली, तिकडे विकली. त्या बाईंचं वाईट झालं. पण त्यांच्या भावाने निष्काळजीपणा केला."

"तो मंगळवारी सकाळी इथे आला होता का?"

"नाही."

"तुम्हांला आठवतंय?"

"मंगळवार अर्जदारांचा वार. पन्नास माणसं येतात. पण तो नव्हता. आला असता तर मी बोललो असतो ना त्याच्याशी."

हातलावे फळीच्या आडोशापलीकडे बसत. पन्नाशीचा, अवाढव्य, घाबरट माणूस. एका पायाने लंगडत ते उठले, मास्तरांना खुर्ची दिली आणि बसताना कळवळले. पायात नवे कोरे कॅनव्हासचे बूट होते.

"चावतात?"

"पाच दिवस झाले. टाचा सोलल्या."

"मग जुन्या चपला घाला की."

हातलावे टेबलाकडे बघत राहिले. त्यांच्या टेबलावर काही नव्हतं.

"ताबापत्रातल्या खुणा तुम्ही शनिवारी लिहिल्यात?"

"तारीख शनिवारचीच आहे."

"मी तारखेचं विचारत नाहीये."

आडोशापलीकडे व्यवस्थापकांची खुर्ची करकरली. हातलावेंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले, लहान मूल घेतं तसे. "तारीख शनिवारचीच आहे," ते पुन्हा म्हणाले.

मास्तर बाहेर आले. दारात वॉचमन स्टुलावर बसला होता.

"इथून चपला हरवतात का हो?"

"पाटी वाचा," वॉचमन म्हणाला. मग माणूस वयस्कर आहे हे बघून नरमला. "हरवत नाहीत, बदलतात. गर्दीत घाईने कुणीतरी कुणाच्यातरी घालून जातो. एक जोड मात्र मंगळवारपासून पडून आहे. न्यायला कुणी फिरकलं नाही."

त्याने मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीकडे बोट दाखवलं. निळ्या रबरी चपला होत्या. लहान मापाच्या. डाव्या चपलेचा तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेने शिवला होता, इतक्या निगुतीने, की ते काम यंत्रांपाशी आयुष्य काढलेल्या माणसाचंच असणार.

मास्तर वाकले, पण त्यांना हात लावला नाही.

५

बुधवारी संचालक बसले. अध्यक्ष मधोमध, मौलवीसाहेब उजवीकडे. व्यवस्थापक फायलींसह. ताई आणि मावशी भिंतीशी. मास्तरांनी टेबलावर कागदात गुंडाळलेली एक पुडी ठेवली आणि उघडली नाही.

"प्रश्न एवढाच आहे," ते म्हणाले, "मंगळवारी सकाळी बॉयलर कुणाचा होता. विक्रीपत्र म्हणतं, सोमवारी बारापासून ताईंचा. पण विकण्याआधी संस्थेच्या माणसाने वस्तूला हात लावलेला पाहिजे, हा नियम तुमचाच. मौलवीसाहेब, हात न लावता विकलं तर?"

"ती विक्रीच नव्हे. वस्तू संस्थेचीच राहते. नफा हराम, नुकसान संस्थेचं."

"ताबा शनिवारी घेतला आहे," व्यवस्थापक म्हणाले. "पत्र समोर आहे."

"वाचा ना. तिसरी खूण."

व्यवस्थापकांनी वाचलं. "उजव्या अंगाला, काट्याच्या खाली, तळहाताएवढा पोचा. आत लाल खरवड." ते थांबले. "मग? इतकी बारीक नोंद म्हणजे हात लावल्याचाच पुरावा."

"अगदी बरोबर. हात लावल्याचाच पुरावा आहे. फक्त तो पोचा शनिवारी नव्हता. तो पडला सोमवारी संध्याकाळी सहाला, लॉन्ड्रीच्या दारात. लाल खरवड तिथल्या विटेची आहे, आणि विटेवर बॉयलरचा रंग आहे. सहा माणसांनी पाहिलं. म्हणजे शनिवारच्या पत्रात सोमवारचा पोचा आहे. आणि तुमची विक्री सोमवारी बाराची, पोच्याच्या सहा तास आधीची. कसंही फिरवा, विकताना हात लागलेला नव्हता."

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

"सोमवारी संध्याकाळी लिहिलं असेल," व्यवस्थापक म्हणाले. "तारखेची चूक. फार तर विक्री दुरुस्त करू, मंगळवारी सकाळची धरू."

"सोमवारी संस्थेतून लॉन्ड्रीत कुणी गेलं नाही. आणि मंगळवारी सकाळी मालक कोण, ते दादाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो इथे आला."

"तो इथे आलाच नव्हता."

मास्तरांनी पुडी उघडली. तपकिरी चपला. "या पायात घालून तो मेला. त्याच्या नव्हेत. त्याच्या स्वतःच्या तुमच्या मांडणीत मंगळवारपासून पडल्या आहेत, तांब्याच्या तारेच्या. घाईत आला, घाईत गेला, पायात आल्या त्या घालून गेला. आता या कुणाच्या? मोठा पाय, उजवी टाच झिजलेली, आणि मालकाने मंगळवारपासून नवे बूट घेतलेत."

सगळे हातलावेंकडे बघू लागले. ते दाराशी उभे होते. बूट त्यांनी काढून हातात घेतले होते.

"स्फोट झाल्यावर साहेब म्हणाले, ताबापत्र लिहायचं राहिलंय, जाऊन खुणा बघून ये," ते म्हणाले. आवाज एवढ्या मोठ्या देहातून इतका बारीक कसा येतो हे कळत नव्हतं. "चपला शोधल्या तर नाहीत. रस्त्यात बूट घेतले. तिथे गेलो. बॉयलरला हात लावला, अजून गरम होता. तेवढ्यात ताईंच्या भावाला उचलत होते. त्याच्या पायात माझ्या चपला."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खरोखर हात लावून, डोळ्यांनी पाहून खुणा लिहिल्या होत्या. आणि नेमक्या त्याच कागदाने संस्था पकडली गेली होती.

"तो काय बोलला होता इथे?" ताईने विचारलं. तिने हा प्रश्न चपला पाहिल्यापासून कुणाला विचारायचा म्हणून जपून ठेवला असावा.

हातलावेंनी व्यवस्थापकांकडे पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं. "म्हणाला, सेफ्टी चिकटलीय, काटा वर चाललाय. आग झाकून आलोय. व्हॉल्व्ह खोलू का? साहेब म्हणाले, खोल ना, मला काय विचारतोस. तर म्हणाला, विक्री अजून व्हायचीय, वस्तू तुमची आहे. परक्याची वस्तू विचारल्याशिवाय कशी खोलू? खोलायचं तर मालकाने बघायला आलं पाहिजे."

खोलीत पंखा फिरत होता. मौलवीसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. नव्या अर्जदारांच्या वर्गात हा नियम तेच शिकवत. दादा पहिल्या बाकावर बसायचा आणि मौलवीसाहेबांनी सांगितलेलं वहीत उतरवून घ्यायचा.

"मग?"

"साहेब म्हणाले, तक्रार लिहून दिलीस तर बॉयलर परत जाईल, बहिणीचा अर्ज रांगेत शेवटी. सहा महिने. घरी जा, कागद आजच पुरे करतो, मग वस्तू तुमची, हवी तशी खोला. तो पळत गेला."

"आणि तरी त्याने बॉयलर चालू ठेवला," व्यवस्थापक म्हणाले. "हीच बेफिकिरी."

"त्याने आठ बायकांना वाळलेल्या चादरी वाळत घालायला बाहेर पाठवलं," मास्तर म्हणाले. "मग खोऱ्याने निखारे ओढून हौदात टाकायला लागला. हौदात बादलीभर कोळसे आहेत. बॉयलर चालवायचा तर कोळसे आत टाकतात, बाहेर काढत नाहीत. परक्याची वस्तू त्याने खोलली नाही. आग मात्र त्याची स्वतःची होती, ती तो विझवत होता. अजून पाच मिनिटं मिळाली असती तर विझली असती. ती पाच मिनिटं तुमच्या खोलीत गेली."

मावशीने पदर तोंडाला लावला. "आणि मी रागावून गेले," ती म्हणाली, कुणालाही उद्देशून नाही.

"सही माझीही आहे," मौलवीसाहेब म्हणाले. "पेन्सिलच्या फुलीवर. महिन्याच्या महिन्याला गठ्ठा यायचा, मी करायचो. हात फक्त हातलावेंनीच नव्हता लावायचा. नियम त्याला मी शिकवला, आणि त्याच्याशिवाय इथे तो कुणीच पाळला नाही, मी धरून. माझं मत लिहून घ्या. विक्री झालेली नाही. बॉयलर संस्थेचा होता. आणि त्याखाली माझा राजीनामा लिहा."

६

निर्णय व्हायला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं अध्यक्षांना शब्द सापडण्यात गेली. नुकसान संस्थेचं. घराचे कागद परत. "बेफिकिरी" हा शब्द पत्रातून काढायचा, आणि मृत्यूची भरपाई द्यायची. व्यवस्थापक आणि विक्रेता यांचं पुढे काय ते पोलिसांनी बघायचं. व्यवस्थापक जाताना आपली चौकट भिंतीवरून काढायला लागले, तेव्हा कळलं की तिच्यामागे भिंतीला मोठी चीर होती.

हातलावेंनी आपल्या तपकिरी चपलांकडे पाहिलंही नाही. ते अनवाणीच एका कोपऱ्यात उभे राहिले.

मग अध्यक्ष उठले. आज संस्थेने आपल्या इतिहासात प्रथमच खऱ्या अर्थाने जोखीम पत्करली आहे, ते म्हणाले. दारावरचा दगड आज बोलू लागला आहे. दिवंगत बंधूंचा प्रामाणिकपणा येणाऱ्या पिढ्यांना दीपस्तंभ ठरेल, आणि त्यांच्या स्मरणार्थ त्याच दगडाशेजारी दुसरा एक दगड बसवण्याचा मानस आहे, त्यावर कोणती अक्षरं असावीत याबद्दल भगिनींनी आपली इच्छा निःसंकोच सांगावी. संस्था ती शिरसावंद्य मानील.

सगळे ताईकडे बघू लागले. घराचे कागद तिच्या मांडीवर होते. तिने ते नीट केले, कडा जुळवल्या.

"खाली दादाच्या चपला आहेत," ती म्हणाली. "एखादी पिशवी असेल का?"